वाळुंजाचे कूळ आणि नदीचे दप्तर

शिरूर-दौंड भागात वाळुंज हे आडनाव कोणाला नवीन नाही. वर्गाच्या हजेरीपटावर, सोसायटीच्या सभासदांच्या यादीत, लग्नपत्रिकेत ते आपल्याला भेटते. परंतु वाळुंज नावाचे एक झाड आहे, ते ओढ्या-नद्यांच्या काठी पाण्यात पाय सोडून उभे असते, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? लांबट, टोकदार पाने, लवचीक डहाळ्या, लोंबता फुलोरा आणि फळ उकलले की वाऱ्यावर उडणारा बारीक कापूस, अशी त्याची ओळख. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा म्हणतात. इंग्रजी कवितेच्या तासाला ज्या विलोचे वर्णन आपण ऐकतो, त्याच विलोचा हा आपल्या मातीतला भाऊ. विलो आपण पाठ केला; वाळुंज मात्र फक्त आडनावात उरला.

या वाळुंजाचे एक प्रसिद्ध भावकीचे झाड म्हणजे पॉप्लर. आपल्या भागात ते दिसत नाही. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशचा पश्चिम भाग येथे शेताच्या बांधावर त्याच्या सरळसोट रांगा असतात. त्याच्या लाकडापासून प्लायवुड होते आणि आगकाड्याही होतात. हिमालयात त्याच्या काही रानटी जाती आहेत. वाळुंज आणि पॉप्लर दिसायला वेगळे असले तरी दोघांत नर आणि मादी झाडे निराळी असतात, दोघांचा फुलोरा साधासुधा आणि पाकळ्यांविना असतो, दोघांच्या बियांना कापूस असतो. दोघांच्या सालीत सॅलिसीनसारखी कडू द्रव्ये सापडतात. तापावर आणि दुखण्यावर आपण जी ॲस्पिरीनची गोळी घेतो, तिच्या इतिहासाचा उगम याच कुळाच्या सालीपाशी आहे.

आता कोणी विचारील, कला शाखेच्या वार्षिकात हा वनस्पतिशास्त्राचा धडा कशाला? माझे म्हणणे असे आहे की पॉप्लरच्या कुळाचा इतिहास ज्या रीतीने उलगडत गेला, ती रीत इतिहासाच्या, भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही शिकण्यासारखी आहे. आणि ती शिकण्यासाठी लागणारे साधन आपल्या घोड आणि भीमा नद्यांच्या काठी पडून आहे. ते साधन आज वाचले जाण्यापूर्वीच ट्रकमध्ये भरले जात आहे. म्हणून हा लेख.

प्रथम रीत काय ते पाहू. चेहरा पाहून नाते जोडू नये, हा पहिला धडा. पॉप्लरच्या अनेक जातींचे पान बरेचसे आपल्या पिंपळासारखे असते : रुंद, हृदयाकृती, लांब देठावर सारखे सळसळणारे. हिमालयातल्या एका पॉप्लरला तिकडचे लोक पहाडी पिपलच म्हणतात. आपल्याकडे परसपिंपळ किंवा भेंड म्हणून जे झाड आहे, त्याच्या शास्त्रीय नावातील ‘पॉप्युल्निया’ या शब्दाचा अर्थच पॉप्लरसारखे असा आहे. प्रत्यक्षात पिंपळ हा वड-उंबराच्या कुळातला, भेंड हा जास्वंद-कापसाच्या कुळातला, आणि पॉप्लर या दोघांपासूनही दूरचा. तीन घरांतली तीन माणसे सारख्या टोप्या घालून जत्रेत आली म्हणून ती भाऊ ठरत नाहीत.

जिवंत झाडाबाबत ही चूक सुधारणे सोपे असते, कारण फूल-फळ समोर असते. दगडात उमटलेल्या एकट्या पानाबाबत तसे नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील अभ्यासकांना जुन्या खडकांत जी गोलसर पाने सापडली, त्यांपैकी पुष्कळशी पॉप्लरच्या खात्यावर मांडली गेली. ओस्वाल्ड हेर या स्विस पंडिताने ध्रुवप्रदेशातील अशाच एका पानाला आर्क्टिक पॉप्लर असे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी शिरांची ठेवण बारकाईने तपासली, तेव्हा ते पॉप्लर नसल्याचे दिसून आले आणि ते नाव रद्द झाले. हेर हा सामान्य बुद्धीचा माणूस नव्हता. त्याच्यापाशी पान होते, पण फळ नव्हते. एवढीच अडचण होती.

दुसरा धडा तुकड्यांचा. झाड मेले की त्याचे पान एकीकडे वाहून जाते, फळ दुसरीकडे, लाकूड तिसरीकडे. अश्मीभूत झाल्यावर ते वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळ्या हातांना सापडतात आणि प्रत्येकाला वेगळे नाव मिळते. एकाच गृहस्थाच्या टोपीला, काठीला आणि जोड्याला तीन स्वतंत्र माणसे समजावे, तशातला हा प्रकार. हा गोंधळ केव्हा मिटतो? पान, फूल आणि फळ एकाच डहाळीला चिकटलेले सापडते तेव्हा. पॉप्लरच्या बाबतीत हे भाग्य अमेरिकेतील यूटा आणि कोलोरॅडो या राज्यांतील ग्रीन रिव्हर नावाच्या खडकांत उगवले. तेथे इओसीन काळात, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, मोठी सरोवरे होती आणि त्यांच्या तळाशी बारीक गाळाचे पापुद्रे साठत गेले. २००३ साली बाउचर, मँचेस्टर आणि जड यांनी तेथील एका नष्ट झालेल्या वनस्पतीचे वर्णन केले. डहाळीवर पाने, फुले आणि फळे तिन्ही होती. ती विलोही नव्हती आणि पॉप्लरही नव्हती, पण दोघांच्या भावकीतली होती. तिला त्यांनी स्यूडोसॅलिक्स, म्हणजे विलोचा तोतया, असे नाव दिले. लगेच २००६ मध्ये मँचेस्टर, जड आणि हँडली यांनी त्याच प्रदेशांतील आरंभीच्या पॉप्लरची पाने व फळे तपासून प्रसिद्ध केली. पान-फळ एकत्र पाहायला मिळाल्यामुळे पॉप्लर त्या काळी होता, हे निःशंकपणे म्हणता आले.

त्याच २००६ साली दुसऱ्या बाजूनेही साक्ष मिळाली. पॉप्लरच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. वृक्षवर्गात असा मान मिळालेले ते पहिले झाड. त्यात असे आढळले की या कुळाच्या पूर्वजाचा सारा जनुकसंच केव्हातरी एकदम दुप्पट झाला होता, आणि त्या घटनेची खूण पॉप्लर व विलो या दोघांतही आहे. जीवाश्मांच्या आधाराने मोजले तर ही घटना सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ठरते. याच सुमारास कुळांची फेरमांडणीही चालू होती. १९९८ पासून सपुष्प वनस्पतींचे जे नवे वर्गीकरण मान्य होत गेले, त्यात आपल्या डोंगरातले तांबट, ज्याची आंबटगोड फळे गुराखी पोरे खातात, तेही वाळुंज-पॉप्लरच्या कुळात आले. दगड आणि जनुक हे दोन साक्षीदार. त्यांची साक्ष जुळते तेव्हा खटला उभा राहतो. पण ध्यानात घ्यावे की जनुकाला स्वतःची तारीख नसते; तारीख द्यावी लागते ती दगडानेच.

सहा-साडेसहा कोटी वर्षे हा आकडा ऐकून दख्खनच्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो, तो लाव्हाही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचाच. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारे ते एक वेगळे भूखंड होते. लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतीत तळी साठली, झाडे उगवली, गाळ बसला. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ते सारे झाकले. नागपूर, वर्धा, छिंदवाडा, मंडला या पट्ट्यात असे गाळाचे थर आहेत आणि त्यांत सिलिकेने अश्मीभूत केलेली लाकडे, फळे, फुले मिळतात. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान हे खेडे यासाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. तेथे निपा या ताडाची फळे मिळाली. हा ताड आज सुंदरबनात खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. म्हणजे मध्य भारताच्या त्या भागाजवळ कधी काळी खाडीचे पाणी होते, अशी साक्ष एका फळाने दिली.

याच मोहगाव कलानच्या एका फळाला बिरबल सहानी यांनी १९४३ साली एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्याचे फळ, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी तेथील एका फुलाचे वर्णन केले आणि त्याला सहानींचे नाव दिले. नंतरच्या अभ्यासात ते फूल आणि ते फळ एकाच वनस्पतीचे असावे असे दिसून आले. तिचे नाते मेंदी आणि ताम्हण यांच्या कुळाशी जुळते. यूटामध्ये जे डहाळीने केले, ते येथे फुलाच्या आणि फळाच्या अंतर्रचनेने केले. मंडला जिल्ह्यात होमॅलियम या वृक्षाशी जुळणारे अश्मीभूत लाकूडही वर्णिले गेले आहे, आणि होमॅलियमची गणना आता वाळुंज-पॉप्लरच्याच कुळात होते. म्हणजे खुद्द पॉप्लर नसला, तरी त्याच्या विस्तृत गोतावळ्यातले कोणीतरी दख्खनच्या लाव्हाच्या काळात येथे होते. पॉप्लर व विलो यांची अश्मीभूत पाने भारतात मिळतात ती काश्मीरच्या करेवा थरांत, आणि ते थर या मानाने फार अलीकडचे आहेत.

हे काम आपल्यापासून दूरच्या लोकांनीच केले, असेही नाही. पुणे विद्यापीठातील त्र्यं. शं. महाबळे यांनी जिवंत ताडवृक्ष आणि अश्मीभूत ताडांची लाकडे यांचा एकत्र अभ्यास केला. दगडातील तुकड्याला नाव देण्यापूर्वी आजच्या झाडाचे सर्व अवयव नीट पाहावेत, हा त्यामागचा आग्रह. सहानींनी लखनौला पुरावनस्पतिशास्त्राची संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. त्या कोनशिलेत निरनिराळ्या काळांतले जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवडाभरातच सहानी वारले. एखाद्या विषयावर माणसाने जीव लावावा म्हणजे काय, हे त्या कोनशिलेकडे पाहून कळते.

आता आपल्या भागाकडे वळू. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात झाडांचे जीवाश्म मिळतील, अशी आशा धरण्याचे फारसे कारण नाही. विहिरी खणताना, खाणीत, जे चमकदार पांढरे स्फटिक निघतात ते झिओलाइट. लाव्हातील पोकळ्यांत ते नंतर तयार झाले. दगड फोडल्यावर कधी कधी आत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते आणि पाहणारा हरखून जातो. ती बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडांची नक्षी असते. तिचा वनस्पतीशी संबंध नसतो. पुन्हा तोच पहिला धडा : चेहऱ्यावर जाऊ नये.

आपले खरे धन पाषाणाच्या वर आहे. घोड, कुकडी, भीमा, मुळा-मुठा यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळात, वाळूत आणि दगडगोट्यांच्या थरांत आहे. १९७६ साली मु. द. काजळे, जी. एल. बदाम आणि शरद राजगुरू या पुण्याच्या अभ्यासकांनी घोडच्या खोऱ्याचा अलीकडच्या भूशास्त्रीय काळातील इतिहास याच थरांवरून मांडला. या खोऱ्यातील जुन्या गाळात आज नामशेष झालेल्या प्राण्यांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. आणि इनामगाव तर आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इ. स. पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील एका शेतकरी गावाचे जीवन उजेडात आणले. त्या लोकांनी काय पेरले, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. ते सांगितले जळून कोळसा झालेल्या दाण्यांनी. कोळसा कुजत नाही. म्हणून चुलीत पडलेला दाणा तीन हजार वर्षे टिकला, आणि कोठारातला खाऊन संपला. जव हे त्यांचे मुख्य पीक. गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ हेही होते. शेवटच्या कालखंडात घरे लहान व गोल झाली, गावाची कळा उतरली. पाऊसमान घटल्याने असे झाले असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत पडले. दुष्काळ हा शब्द आपल्या भागाला किती जुना आहे, हे त्या दाण्यांना विचारावे.

कोळसा झालेला दाणा हा काटेकोर अर्थाने जीवाश्म नव्हे. परंतु त्याला आणि पाच कोटी वर्षांच्या पॉप्लरच्या डहाळीला नियम एकच लागू आहे : वस्तू कोठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली हे ठाऊक असेल तर ती साक्षीदार, ठाऊक नसेल तर ती शोभेची वस्तू. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. पेशवे दप्तरातला मोडी कागद त्याच्या रुमालातून काढला आणि कोणत्या रुमालातला याची नोंद ठेवली नाही, तर त्या कागदाचे अर्धे बोलणे बंद होते. नदीचा काठ हेही एक दप्तर आहे. प्रत्येक पुराने त्याला एकेक रुमाल जोडला आहे.

आज हे दप्तर कोण हाताळीत आहे? घोड आणि भीमेच्या पात्रातील वाळूउपसा हा शिरूर-दौंडच्या माणसाला सांगण्याचा विषय नाही. तो रात्री ऐकू येतो. वाळू उपसताना पात्र खोल जाते, काठ ढासळतात, जुने थर कोसळतात आणि त्यांतले जे काही असेल ते चाळणीतून जाऊन कोठल्या तरी इमारतीच्या स्लॅबमध्ये जाते. त्याबरोबर दुसरीही एक हानी होते. वाळुंज-पॉप्लरच्या कापसाळ बियांचे आयुष्य फार थोडे असते. त्या ओल्या, उघड्या गाळावर पडल्या तरच रुजतात. काठचा तो ओला पट्टा गेला की नवे झाड उगवत नाही. एकाच फावड्याने मागच्या काळाची नोंद आणि पुढच्या काळाचे रोप, दोन्ही उचलली जातात.

यावर आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. घरे वाळूशिवाय होत नाहीत. उपशावर मजुरी करणारा माणूस पोटासाठी करतो. त्याला जीवाश्मांचे प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे मला मान्य आहे. परंतु सर्व काठ सारखे नसतात. जेथे जुन्या गाळाचे उंच कडे आहेत, जेथे पांढरीची टेकाडे आहेत, जेथे वाळुंजाची झाडे अजून उभी आहेत, अशा जागा मोजक्याच आहेत. त्या माहीत झाल्या, नकाशावर आल्या, तर त्या सोडून द्या असे ग्रामसभेत म्हणता तरी येईल. जी गोष्ट कोणाला माहीतच नाही, तिच्यासाठी कोणी भांडत नाही. बांधकामाला दगड फोडून केलेली वाळू आता सर्रास वापरली जाते; पण दहा हजार वर्षांचा थर कोणत्याही क्रशरमधून निघत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच वर्गातला : हे विज्ञान शाखेचे काम, आम्हांला प्रयोगशाळा नाही. परंतु वर सांगितलेल्या कामांतला मोठा भाग पाहणे, नोंदणे, तुलना करणे आणि घाईने निष्कर्ष न काढणे हाच आहे. यासाठी सूक्ष्मदर्शक नंतर लागतो, वही आधी लागते. शिवाय काही गोष्टी आपणच करू शकतो. गावोगावच्या झाडांची नावे, शेतांची नावे, डोहांची व ओढ्यांची नावे गोळा करणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचे काम आहे. ज्या ओढ्याला झाडाचे नाव आहे आणि आज तेथे ते झाड नाही, तेथे ते पूर्वी होते की काय, हे शोधायला भूगोलाच्या विद्यार्थ्याने जावे. वृद्धांना विचारावे की वाळुंजाच्या डहाळ्यांचा उपयोग कशाला होत असे. ही माहिती ज्यांच्यापाशी आहे, ती पिढी आपल्यासाठी थांबणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाने एक नदीकाठची नोंदवही ठेवावी. इतिहास, भूगोल आणि मराठी या तीन विभागांनी मिळून ती चालवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत आपल्या गावच्या काठाचे एक टिपण तिच्यात लिहावे : तारीख, गाव, काठ उजवा की डावा, थर कसे दिसतात, काय सापडले, कोणती झाडे आहेत. सापडलेली वस्तू उचलून आणू नये, जागा उकरू नये. छायाचित्र घ्यावे, खुणेची जागा लिहावी आणि महत्त्वाचे वाटल्यास जाणकार संस्थेला कळवावे. काचेच्या कपाटात ठेवलेले, कोठून आले ते कोणालाच न सांगता येणारे दहा सुंदर दगड आणि नोंदवहीतले एक नीट पान यांत मी पान निवडीन. दहा वर्षांत अशी हजार पाने झाली, तर एखाद्या संशोधकाला ती उपयोगी पडतील, आणि एखाद्या सरपंचालाही.

आपण अभ्यासाच्या नावाखाली दूरच्या गोष्टी पुष्कळ पाठ करतो. त्या कराव्यात, यूटाच्या सरोवरातील डहाळी नसती तर वाळुंजाचे कूळ आपल्याला कळले नसते. पण ज्या अभ्यासकांनी ती डहाळी शोधली, त्यांनी आपल्या प्रदेशाचा दगड परका मानला नाही. घोडच्या काठी अजून काही वाळुंज उभे आहेत. ते ओळखता येणे ही पदवीच्या अभ्यासक्रमातली अट नाही. ती आपण स्वतःला घालून घ्यावी, एवढेच सांगायचे आहे.